उजवी कड

नंदकुमार आठल्ये यांच्या प्रत्येक फोटोची उजवी कड धूसर असे. डावीकडून बघायला सुरुवात केली तर सगळं कसं लख्ख: खांबावर बसलेल्या कावळ्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं. मधे आलं की जरा नरम, आणि उजवीकडे पोहोचेपर्यंत माणूस, झाड, इमारत, जे काही असेल ते आमटीत विसरलेल्या पोळीसारखं विरघळलेलं. दुसऱ्या कोणाचे फोटो असे आले असते तर लोकांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. पण आठल्ये सरांनी या धूसरपणावर एक लेख लिहिला होता, आणि एकदा लेख लिहिला की दोषाची शैली होते. लेखाचं नाव 'विस्मरणाची कड'. नवी मुंबई हे आपला भूतकाळ विसरून भविष्याकडे धावणारं शहर आहे, आणि उजवी बाजू ही भविष्याची बाजू असल्याने ती दिसूच शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. भविष्य उजवीकडेच का, हे लेखात नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

सरांची डार्करूम खारघरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. एका बाजूला पाळणाघर, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचं सलून, मधे कला. शनिवार-रविवारी ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांमधली माणसं तिथे शिकायला यायची. आठवडाभर स्क्रीनकडे बघून शिणलेली ती मंडळी लाल दिव्यात घोळका करून उभी राहायची, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चित्र उमटलं की आपल्याच लेकराचं पहिलं पाऊल बघितल्यासारखे चेहरे करायची. मग त्या क्षणाचा मोबाइलवर फोटो काढायची. मोबाइलच्या उजेडात कागद काळा पडायचा. सर म्हणायचे, "हेच तर क्षणभंगुरत्व." आणि नवा कागद काढायला प्राचीला हाक मारायचे.

प्राची तांबे कामोठ्याहून यायची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली, आणि पाच महिन्यांपासून सरांची मदतनीस. रसायनं कालवणं, ट्रे धुणं, प्रिंट दोरीला लावणं, हे तिचं काम. मुलगी हुशार, शांत, वेळेवर येणारी. फक्त तिला एक वाईट खोड होती. ती मोजायची. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचं तापमान, लाल दिव्याचं अंतर, सर प्रिंटला खरोखर देतात ते सेकंद आणि देतो म्हणतात ते सेकंद. हे सगळं ती एका वहीत लिहायची. सरांना ती वही फार आवडत नसे. "कलेत डेसिमल नसतं गं," ते म्हणायचे. प्राची "हो सर" म्हणायची आणि ते कितव्यांदा म्हणाले तेही लिहून ठेवायची.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने एक अर्ज सरांसमोर ठेवला. पुण्यातल्या एका संग्रहालयात जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा होता आणि त्यांच्यावरून प्रिंट काढायला त्यांना एक तंत्रज्ञ हवा होता. प्राचीला आयुष्यात आजवर कुठल्याही नोकरीची जाहिरात वाचून पोटात फुलपाखरंबिलपाखरं उडाली नव्हती. ही वाचून तिला थेट भूक लागली होती. अर्जासोबत दोन गोष्टी हव्या होत्या. एक, अर्जदाराने स्वतः काढलेला सोळा बाय वीस इंचांचा प्रिंट, चारही कोपऱ्यांत सारखाच स्पष्ट. दोन, हा प्रिंट ज्या एन्लार्जरवर काढला त्याची जुळणी अर्जदाराने स्वतः केली आहे, असं, अर्जावरच छापलेलं, डार्करूमच्या मालकाच्या सहीचं प्रमाणपत्र. मुदत महिनाअखेर.

"चारही कोपरे?" सर हसले. "काय पण अपेक्षा! यांना फोटो हवाय का सातबारा?"

"सर, मी आपल्या मशीनची जुळणी केली तर चालेल?"

सरांनी एन्लार्जरवर हात ठेवला, जसा एखादा माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो. "प्राची, या मशीनला स्वभाव आहे. स्वभावाला स्क्रूड्रायव्हर लावायचा नसतो."

"आणि सही?"

"ती काय, करू की. प्रदर्शन होऊ दे."

प्रदर्शन वाशीला होतं, शेवटच्या रविवारी. बारा फोटो, बाराही उजवीकडून विसरलेले.

एन्लार्जर म्हणजे खाली तोंड करून उभा केलेला प्रोजेक्टर. वर दिवा, दिव्याखाली निगेटिव्ह, निगेटिव्हखाली भिंग, आणि सगळ्यात खाली लाकडी फळी, जिच्यावर कागद ठेवायचा. निगेटिव्ह, भिंग आणि फळी हे तिघं एकमेकांना समांतर असले की झालं. त्यांतला एक जरी तिरका असला तरी चित्र एका बाजूला लागतं आणि दुसऱ्या बाजूला सुटतं. हे दहावीच्या मुलालाही कळेल. पण दहावीच्या मुलाने लेख लिहिलेला नसतो.

प्राचीने आपला प्रिंट काढायला घेतला. निगेटिव्ह तिचंच होतं: कामोठ्याच्या त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली लावलेल्या पत्रपेट्या. आठ ओळी, प्रत्येक ओळीत सहा, आणि प्रत्येक पेटीवर नाव, कुठे रंगाने, कुठे स्टिकरने, कुठे खिळ्याने कोरलेलं. चारही कोपऱ्यांची परीक्षा घ्यायला याहून चांगलं चित्र नव्हतं. प्रिंट सुकल्यावर तिने तो वाचायला घेतला. डावीकडचे 'मोरे', 'डिसोझा', 'पिल्ले' स्पष्ट. मधले ओळखू येणारे. उजवीकडच्या शेवटच्या रांगेतले आठही भाडेकरू बेपत्ता.

सर म्हणाले असते, विस्मरण. प्राचीने निगेटिव्हची चौकट काढली, उलटी फिरवून परत बसवली आणि पुन्हा प्रिंट काढला. आता चित्र डोक्यावर उभं होतं, म्हणून मघाचे बेपत्ता लोक डावीकडे आले होते, सगळे ठणठणीत. आणि मघाचे मोरे, डिसोझा, पिल्ले उजवीकडे जाऊन विरघळले होते. म्हणजे खोट निगेटिव्हमध्ये नव्हती, कॅमेऱ्यात नव्हती आणि नवी मुंबईच्या नियतीत तर मुळीच नव्हती. जो उजवीकडे जाईल तो पुसला जात होता, मग तो कोणीही असो. खोट मशीनमध्ये होती.

भिंतीलगतच्या ट्रंकेत सरांचे जुने प्रिंट होते, सालाप्रमाणे बांधलेले. त्यांना सर 'माझा पूर्वकाळ' म्हणायचे आणि शक्यतो दाखवायचे नाहीत. प्राचीने ते एकेक करून भिंगाखाली घातले. २०१४ स्पष्ट. २०१५ स्पष्ट. २०१६ चा गणपती दोन्ही कानांसह स्पष्ट. २०१६ ची दिवाळी: डावीकडचा कंदील स्वच्छ, उजवीकडचा गायब. सरांची शैली गणपती आणि दिवाळी यांच्या मधे केव्हातरी जन्माला आली होती. एवढ्या नेमकेपणाने जन्मतारीख माहीत असलेली शैली कलेच्या इतिहासात दुसरी नसावी.

बुधवारी सर दिवसभर वाशीला गेले, प्रदर्शनाचा हॉल बघायला. त्यांच्या पत्नी वैशालीकाकू बाहेरच्या खोलीत आमंत्रणांवर पत्ते लिहीत बसल्या होत्या. प्राचीने दार लावलं आणि पिशवीतून गवंड्याची पाणसळ, आरशाचे दोन तुकडे आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

आधी तिने फळी पाहिली; पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मधे. मग आरसे. एका आरशाच्या पाठीवरचा मुलामा तिने मधोमध वाटाण्याएवढा खरवडून काढला होता, आरपार दिसेल असा. साधा आरसा फळीवर उताणा ठेवायचा, भोकाचा आरसा वर भिंगाच्या जागी पालथा टेकवायचा आणि भोकातून खाली बघायचं. दोन आरसे समोरासमोर आले की भोकाची प्रतिबिंबं एकात एक दिसत जातात. दोन्ही समांतर असतील तर सगळी वर्तुळं एका मध्यावर बसतात, डबीत डबी ठेवल्यासारखी. नसतील तर ती रांग एका बाजूला वळते. भिंगाच्या जागी रांग सरळ होती. मग तिने भिंग काढलं आणि तोच आरसा निगेटिव्हच्या चौकटीच्या जागी टेकवला. रांग अशी वळली की शेवटची वर्तुळं आरशाबाहेर निघून गेली.

तिने वरचा डोलारा उचलून बाजूला ठेवला. चौकट जिथे बसते त्या धातूच्या बैठकीवर आठ वर्षांची धूळ होती, एक मेलेला डास होता, आणि एका कडेला काहीतरी चिकटलं होतं. छोटं, लांबट, लालसर. तिने चिमट्याने ओढलं तर त्याचे दोन तुकडे झाले. तिने ते दिव्याखाली धरले.

तांदूळ होता. कुंकू लावलेला.

प्राचीने दोन्ही तुकडे वहीच्या पानात जपून ठेवले. तिच्या घरी दसऱ्याला यंत्रांची पूजा नसे. त्या दिवशी तिचे आईवडील पांढरे कपडे घालून कामोठ्याच्या विहारात जात. त्यामुळे बैठकीत अक्षत सापडू शकते ही शक्यता तिच्या यादीत नव्हती. यादीत नसलेली कारणं तिला मनापासून आवडायची. पण हे कारण बाहेर कसं सांगायचं, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता. तांब्यांच्या मुलीने आठल्यांच्या पूजेत खोट काढली, असं ऐकायला फार वेळ लागला नसता.

तिने दार उघडलं आणि वळसा घेतला. "काकू, दसऱ्याला मशीनची पूजा करता ना?"

"दर वर्षी," काकू पाकिटाला डिंक लावत म्हणाल्या. "का गं?"

"२०१६ ला पण केलेली?"

"त्या वर्षीची तर चांगलीच लक्षात आहे. ह्यांनी बल्ब बदलायला मशीन उघडून ठेवलेलं आणि मुहूर्त तर निघून चाललेला. मी म्हटलं, उघडं तर उघडं. झेंडू वाहिला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आणि तुला सांगते, त्या पूजेनंतरच ह्यांचं नाव झालं. त्याआधी कुत्रं विचारत नव्हतं. लोक म्हणतात श्रद्धा-बिद्धा काही नसतं. मी म्हणते, अनुभव घ्या!"

प्राचीला यात एका अक्षराचीही दुरुस्ती करता येईना. "खरंय काकू," ती म्हणाली. इतकं पुराव्यानिशी खरं विधान तिने त्या स्टुडिओत दुसरं ऐकलं नव्हतं.

मग तिने उरलेला दिवस मशीनला दिला. बैठक स्पिरिटने पुसली. रबरी फुग्याने धूळ उडवली. दिव्याखालची दोन जाड भिंगं काढून, मऊ कपड्याने पुसून, होती त्याच बाजूने परत बसवली. खांबाच्या दातऱ्यांमधलं जुनं काळं ग्रीस काडीने खरवडून नवं लावलं. तिन्ही पातळ्या आरशांनी पुन्हा तपासल्या, आणि वर्तुळं डबीत डबी बसेपर्यंत स्क्रू अर्ध्या-पाव फेऱ्यांनी फिरवले. प्रत्येक आकडा वहीत गेला, आधीचा आणि नंतरचा. संध्याकाळी चारला पत्रपेट्यांचा प्रिंट निघाला. उजव्या टोकाच्या सर्वांत खालच्या पेटीवर कोणीतरी खिळ्याने 'जोतीराम' कोरलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात 'बिल इथे टाकू नये' लिहिलं होतं. ते वाचता येत होतं. प्राचीने ते मोठ्याने वाचलं.

गुरुवारी सरांनी प्रदर्शनाचा मुख्य फोटो छापायला घेतला. 'सारसोळे, भरतीआधी'. हा त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो, फक्त आजवर तो छोटा छापला होता; या वेळी सोळा बाय वीस. डावीकडे जेटी, मधे होड्या आणि उजवीकडे एक पुसट होत जाणारी स्त्रीची आकृती. 'लोप पावणाऱ्या मूळ रहिवाशांचा मूक निरोप', असं तिच्याबद्दल एका मासिकात छापून आलं होतं.

कागद डेव्हलपरमध्ये गेला. सर तंद्रीत ट्रे हलवत होते. जेटी उमटली. होड्या उमटल्या. आणि मग उजवीकडून ती बाई आली, सगळीच्या सगळी आली. डोक्यात अबोलीचा गजरा, पुढ्यात पाटी, पाटीत बोंबील, कमरेवर एक हात. दुसरा हात कॅमेऱ्याच्या दिशेने उगारलेला. तोंड उघडं. मूक तर ती अजिबात दिसत नव्हती.

"हे काय आहे?" सरांचा आवाज चिरकला.

"कोण आहेत त्या, सर?"

"राहीबाई. तिथे मासे विकते." सरांना आठवायला वेळ लागला नाही, म्हणजे आठ वर्षांत ते विसरलेही नव्हते. "तासभर तिच्यासमोर ट्रायपॉड लावून उभा होतो. ओरडायला लागली. 'ए दादा, सरक तिकरं! म्हावरं दिसत नाय गिऱ्हाइकाला!'"

"आणि निरोप?"

"दिला की. तो काही छापण्यासारखा नव्हता." सरांनी प्रिंट ट्रेमध्ये पालथा घातला. मग हळूहळू त्यांची नजर मशीनकडे गेली, चकचकीत खांबाकडे, मग प्राचीकडे. "तू काय केलंस?"

प्राचीने सांगितलं. पूजेचं नाव न घेता. 'बैठकीत एक कण अडकला होता' एवढंच. वहीतले आकडे वाचून दाखवले. सरांनी आकडे ऐकले नाहीत.

"परत घाल," ते म्हणाले.

"काय परत घालू?"

"जे काढलंस ते! यशराज परवा येतोय फोटो बघायला. त्याने कॅटलॉगमध्ये चार पानं धूसरतेवर लिहिलीत. चार पानं! त्याला काय सांगू? की कचरा होता?"

"सर, माझं प्रमाणपत्र..."

"आधी मशीन होतं तसं कर. मग बघू."

यशराज हा प्रदर्शनाचा आयोजक, वय तीस, प्रत्येक वाक्यात एकदा 'अवकाश' म्हणणारा. त्याच्या चार पानांसाठी प्राचीने एक सरळ केलेलं मशीन वाकडं करायला घेतलं. पण वाकडं म्हणजे किती? तिला अंदाजाने काही करता येत नसे, अगदी नुकसानसुद्धा. मूळ दाणा मोडलेला होता. त्याचे तुकडे जोडून त्याची जाडी आली सव्वा मिलिमीटर. शुक्रवारी सकाळी ती कामोठ्याच्या वाण्याकडून चार पुड्या घेऊन आली आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसली. बासमती जाडीला जवळपास, पण लांब आणि घरंगळणारा. कोलम दीड मिलिमीटर, विस्मरण प्रमाणाबाहेर. इंद्रायणी आणखी जाड. फोटो मध्यापासूनच अंतर्धान. आंबेमोहोराने कड बरी पुसली, पण दुसऱ्या प्रिंटला तो दाबाने भुगा झाला. एकच परिणाम दोनदा आणता येत नसेल तर त्याला पद्धत म्हणत नाहीत. तिने निष्कर्ष लिहिला: तांदूळ अविश्वसनीय. आणि जुन्या फिल्मचे तुकडे एकावर एक चिकटवून बरोबर सव्वा मिलिमीटरची पाचर बनवली.

पाचर बसवायला ती आत वळली तेवढ्यात बाहेरून आवाज आला. यशराज एक दिवस आधीच आला होता. आणि बाहेरच्या दोरीवर, पालथा घालून फुकट जाऊ नये म्हणून प्राचीनेच धुऊन लटकवलेला, 'सारसोळे, भरतीआधी' होता. चारही कोपऱ्यांसह.

यशराज फोटोसमोर थांबला. वैशालीकाकू चहाचा ट्रे घेऊन थांबल्या. सर श्वास घेऊन थांबले.

"सर," यशराज म्हणाला, "हे... हे कधी केलंत?"

सरांचं मौन नेहमीच अर्थपूर्ण मानलं जाई. या वेळी ते नुसतं मौन होतं.

"म्हणजे आठ वर्षं तुम्ही हिला पुसत होतात, आणि आता तुम्ही तिला तिचा अवकाश परत देताय. ती आपल्याकडे बोट करतेय! ती जाब विचारतेय! सर, माझी चार पानं गेली पाण्यात. मी आज रात्रभर बसून नवी लिहितो. बाराही परत छापा, सगळे असेच. पण हे झालं कसं?"

आणि प्राचीने दारातून पाहिलं की सरांचा चेहरा बदलतोय. ट्रेमधल्या कागदासारखाच: आधी काही नाही, मग एक रेघ, मग आत्मविश्वास.

"यशराज," सर म्हणाले, "मला जाणवलं की आता स्पष्ट व्हायची वेळ आली. मी मशीन उघडलं. एकेक भाग काढला. आरशांनी जुळवलं. स्वतःशीच संवाद होता तो एक प्रकारचा."

"स्वतः केलंत?"

"मशीनला मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही."

प्राची हातातल्या पाचरीकडे बघत उभी राहिली. यशराजने आनंदाने टुणकन उडी मारली. उद्घाटनाला याचंच प्रात्यक्षिक ठेवू, एन्लार्जर टेम्पोने वाशीला न्यायचा आणि आठल्ये सर तो सगळ्यांसमोर जुळवून दाखवणार, असं ठरवून तो फ्लेक्सवर तशी ओळ घालायला फोन लावतच बाहेर पडला.

तो गेल्यावर प्राचीने अर्ज पुढे केला. सरांनी तो वाचला आणि परत दिला.

"आता कसं करणार? जुळणी अर्जदाराने केली असं इथे लिहिलंय. मी तर त्याला सांगून बसलो की मी केली. उद्या तुझं पुणं आणि माझं वाशी समोरासमोर आलं म्हणजे?"

"पण केली मीच ना, सर?"

"अगं, कलेत 'मी' हा फार छोटा शब्द आहे," सर म्हणाले.

प्राचीने वही, पाणसळ आणि आरसे पिशवीत भरले. राहिलेले अकरा प्रिंट काढून दिले, कारण अर्धवट काम सोडणं तिला जमत नसे. मग ती कामोठ्याला गेली आणि पुढचा आठवडाभर आलीच नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सरांचा पहिला फोन आला. एन्लार्जर वाशीला पोहोचला होता, पण टेम्पोवाल्याने सायन-पनवेलचे सगळे खड्डे त्याला दाखवून आणले होते. "जरा हललंय. ते आरसे कुठून आणलेस?"

"काचवाल्याकडून, सर."

दुसरा फोन अकराला. "भोकातून काही दिसत नाही गं."

"मुलामा खरवडलात?"

"कुठल्या बाजूचा?"

तिसरा फोन वैशालीकाकूंचा. "प्राची, बाळा, ह्यांनी कुठला तरी स्क्रू सोडला आणि मशीनचं डोकंच धाडकन खाली आलं. एका बोटावरच निभावलं. उद्या दीडशे माणसं येणारेत. मी तुला ये म्हणत नाही. पण येतेस का?"

प्राची गेली.

हॉलमध्ये भिंतींवर बाराही फोटो लागले होते, चारही कोपऱ्यांसह. दाराशी यशराज फ्लेक्सवाल्याशी भांडत होता. मधे टेबलावर मान टाकलेला एन्लार्जर आणि त्याच्यासमोर खुर्चीत सर, बोटाला बँडेज. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'स्पष्टतेकडे: स्वतः जुळवणारा कलावंत'.

"आलीस! छान. कुठून सुरू करायचं?" सर उठले.

"इथून," प्राचीने अर्ज आणि पेन टेबलावर ठेवलं. "मग मी तुम्हाला सगळं दाखवते. कुठला स्क्रू, किती फेरे, काय बघायचं. उद्या तुम्ही करा. मी मागे उभी राहीन, कोणाला काही सांगणार नाही."

"हे ब्लॅकमेल आहे."

"नाही सर, क्रम आहे."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरच्या राहीबाईंकडे बघत होत्या. "अहो, करा सही," त्या न वळताच म्हणाल्या. "ही बाई बघा कशी बघतेय तुमच्याकडे."

"पण इथे हिचं नाव आलं तर मी काय केलं?"

"तुम्ही परवानगी दिलीत, सर. त्याला वेगळा रकाना आहे." प्राचीने दाखवला.

खरंच होता. सरांनी तो वाचला, त्याच्यापुढे 'दिली' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि जरा सावरले. शेराच्या जागी थोडा विचार करून लिहिलं, 'मुलीचा हात चांगला आहे. स्वभाव जरा मोजका.' मग पेन उचलून, गेली आठ वर्षं प्रत्येक प्रिंटखाली करत होते तशी, लांबलचक, शेवटी शेपूट असलेली सही ठोकली.

प्राचीने अर्ज उचलून बघितला. सही झोकदार होती, तारखेसहित होती आणि 'अर्जदाराची सही' या रेघेवर होती.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही, सर. सवयीने झालं असेल."

ती घरून निघताना अर्जाच्या तीन प्रती काढून निघाली होती. तिने पिशवीतून दुसरी काढली, खालच्या, मालकाच्या सहीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि सरांची सही शेपटीसकट पूर्ण होईपर्यंत ते उचललं नाही.